बैलाला पोळा आहे, बाईला रविवारसुद्धा नाही

(पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण वाचलीत तर शेवटपर्यंत वाचा, अर्ध्यावरून भांडायला येऊ नका.)

गेल्या आठवड्यात माझ्या बायकोच्या मोबाईलवर एक पीडीएफ आली. कुठल्या तरी ख्रिस्ती ग्रुपवरून फिरत फिरत आली होती. विषय काय, तर आदर्श ख्रिस्ती गृहिणीनं महिन्याचं घर कसं चालवावं आणि स्वयंपाक साधा कसा ठेवावा. मला वाटलं, चांगला विषय आहे, वाचू. वाचायला घेतलं आणि डोकं तापलं.

पहाटे पाचला उठून प्रार्थना. महिन्यातला एक दिवस काढून महिन्याचं सगळं जेवण शिजवायचं आणि डीप फ्रीजरला टाकायचं. मंगळवारी पास्ता. गुरुवारी ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी. शुक्रवारी ब्रोकोलीचं सूप. नवरा घरी यायच्या आधी घर आवरलेलं पाहिजे, पोरं धुतलेली पाहिजेत आणि बाईच्या चेहऱ्यावर हसू पाहिजे.

हे शिरूर अनंतपाळात. इथं आठवडी बाजारात मेथी, शेपू, आंबाडी, वांगी, गवार मिळते. ब्रोकोली बघायची तर लातूर गाठावं लागतं. लाइट कधी जाईल आणि कधी येईल ते महावितरणलाच माहीत, आणि म्हणे महिन्याचं जेवण फ्रीजरला ठेवा! कुठल्या तरी इंग्रजी कागदाचं भाषांतर करून पाठवून दिलेलं. ज्या बाईसाठी पाठवलं तिची चूल, तिचा पगार, तिच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, यातलं काही कोणी विचारलेलं नाही.

पण माझा खरा राग ब्रोकोलीवर नाही. त्या अख्ख्या पीडीएफमध्ये नवऱ्याला एकही काम नाही, त्यावर आहे. तो येतो, जेवतो, प्रार्थना करतो आणि झोपतो. नियोजन बाईनं करायचं, साधेपणा बाईनं पाळायचा, काटकसर बाईनं करायची. आणि हे सगळं वर देवाच्या नावानं.

मी स्वतः ख्रिस्ती घरातला. लातूर जिल्ह्यात आमची वस्ती अगदी थोडी. त्यामुळं आमच्या घरातलं भांडण चारचौघात आणू नये, असं मला बरेच जण सांगतील. भाऊ, घरातलं भांडण घरात ठेवून ठेवूनच बाया वाकल्या. आणि हे भांडण फक्त आमचं नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध मित्रांनी आपापल्या घराकडं बघत वाचावं.

आधी एक गोष्ट साफ करतो. घराचं नियोजन करण्याला माझा विरोध नाही. साध्या जेवणाला तर मुळीच नाही. उलट मी त्याच्याच बाजूनं लिहायलोय. पण मराठवाड्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आपल्या आजीच्या घरात कणगी होती, बळद होतं, मोठ्या घरात जमिनीत पेव होतं. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे व्हायचे. येसर करून ठेवलेला असायचा. अचानक चार माणसं आली तर येसराची आमटी आणि भाकरी, अर्ध्या तासात पंगत. याला नियोजन नाही तर काय म्हणायचं? फक्त त्याची पीडीएफ कोणी केली नाही.

१९७२ चा दुष्काळ माझ्या जन्माच्या आधीचा, पण त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. बाया दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, सुकडी खायच्या, अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी थापायच्या. आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा तर आम्ही सगळेच होतो. त्या उन्हाळ्यात ज्यांनी घर चालवलं त्यांना विचारा. ताटात एक भाजी वाढली की एक कढई वाढते, एक वाटी वाढते, एक तांब्या पाणी जास्त जातं. साधा स्वयंपाक म्हणजे कमी भांडी, कमी पाणी, कमी गॅस आणि चुलीपुढं कमी उभं राहणं. हा हिशोब आमच्या बायांना पाठ आहे. तो करायची मोकळीक मात्र त्यांना नाही. कारण दोन भाज्या नसल्या तर तोंड वाकडं करणारा माणूस घरात बसलेला असतो.

गंमत बघा. ज्या अमेरिकेतून ही असली पत्रकं येतात, त्याच देशात १९७६ साली मेननाइट पंथाच्या डोरिस जॅन्झेन लाँगेकर या बाईनं स्वयंपाकाचं एक पुस्तक केलं. आपण अमेरिकन माणसं गरजेपेक्षा जास्त खातो, जगात धान्याची ओढ आहे, तेव्हा मांस कमी करा आणि धान्य-डाळींवर या, असा त्याचा रोख. ते पुस्तक तिकडं ख्रिस्ती घरांत प्रचंड चाललं. म्हणजे त्यांना जिथं पोचायचं होतं ते ठिकाण म्हणजे आपलं वरण-भात आणि भाकरी. आणि आपण वरण-भात सोडून पास्त्याकडं निघालोय. लातूरची तूरडाळ देशभर जाते, आणि लातूर जिल्ह्यातली बाई पास्ता करत नाही म्हणून स्वतःला मागास समजायलीय.

आता आमच्या मराठी ख्रिस्ती घरांकडं येतो. आदर्शच पाहिजे असेल तर तो आपल्याकडं आहे. लक्ष्मीबाई टिळक.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधली वर्षं काय गेली असतील याची कल्पना करा. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ही पोस्ट इथंच सोडून ते वाचायला घ्या, मला वाईट वाटणार नाही. टिळक मोठे कवी, मोठे भक्त, मन आभाळाएवढं. पण हातात पैसा आला की तो घरी पोचेलच याची खात्री नाही. वाटेत कोणी गरजू भेटला की संपलं. घरात माणसांचा राबता. पोरकी मुलं आणून ठेवलेली. आणि हे सगळं ओढायचं कोणी? लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न बघितलेल्या त्या बाईनं आल्यागेल्याला जेवू घातलं, मुलं वाढवली आणि वर मराठीतलं एक अव्वल पुस्तक लिहिलं.

आमच्या मंडळीत टिळकांच्या दातृत्वावर प्रवचनं होतात. व्हायलाच पाहिजेत. पण त्या दातृत्वाचं बिल कोणी भरलं, यावर एकही प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही. नवऱ्याला संत व्हायचं असेल तर बायकोला मुनीम व्हावं लागतं. आणि मुनिमाचा फोटो भिंतीवर कोणी लावत नाही.

लक्ष्मीबाईंची अजून एक गोष्ट मला फार मोठी वाटते. त्या सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. टिळकांकडं परत आल्यावरसुद्धा सुरुवातीला त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग हळूहळू, स्वतः विचार करून, त्यांनी ते सोडलं. कोणाच्याही हातचं खाल्लं, कोणालाही आपल्या घरात जेवू घातलं. स्वयंपाक साधा करणं म्हणजे खरं तर हे आहे. चार पदार्थांचे दोन करणं ही नंतरची गोष्ट. आधी चुलीभोवतीची भिंत पाडली. सोवळं म्हणजे फक्त जातीचा अहंकार नव्हता, ती बाईच्या डोक्यावरची दुप्पट मजुरीसुद्धा होती. ओलेत्यानं स्वयंपाक, वेगळी भांडी, वेगळं पाणी. भिंत पडली तेव्हा जात हलली आणि बाईची पाठही थोडी मोकळी झाली.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. हजाराच्या पुढं माणसं त्या एका अंगणात जेवायची. एवढ्यांना रोज दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे नियोजनाशिवाय एक दिवस निघणार नाही. तिथं शेती होती, विहिरी होत्या, गाईगुरं होती, छापखाना होता, विणकाम होतं. आणि कामं वाटलेली होती. रमाबाई एकट्या चुलीपुढं बसल्या असत्या तर बायबलचं भाषांतर कोणी केलं असतं? नियोजन या शब्दाचा पहिला अर्थ कामाची वाटणी हा आहे. पदार्थांची यादी त्याच्यानंतर. आमच्या पीडीएफवाल्यांनी यादी घेतली आणि वाटणी गाळली.

आता आकडे. डिप्लोमाला आम्हाला एक गोष्ट घोकून शिकवली होती, मत देण्याआधी आकडा बघ. केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरातली बिनपगारी कामं करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते. घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. आणि पुरुषांचा हा आकडा जे करतात त्यांच्यापुरता आहे, बहुतेक पुरुष तर करतच नाहीत. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची १० मिनिटं वाचली आणि पुरुषानं आपली ९ मिनिटं कमी करून घेतली!

दुसरा आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. पाच भाज्यांचा स्वयंपाक करणारी बाई, आणि तिच्याच अंगात रक्त नाही. का? कारण ती शेवटी जेवते. उरलं ते जेवते. भाजी संपली असेल तर चटणी-भाकरी खाते आणि 'मला भूकच नव्हती' म्हणते. यात हिंदू-ख्रिस्ती काही नाही. प्रार्थना करून जेवणाऱ्या घरातही बाई शेवटीच बसते.

आमच्या शास्त्रात याबद्दल काय आहे ते पाळकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी आठवण करून देतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपण आजच्या दिवसाची भाकर मागतो. मराठी बायबलमध्ये शब्दच भाकर आहे. पुरणपोळी नाही, बिर्याणी नाही. पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट पोरांना तोंडपाठ असते, पण जेवणं झाल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या, ते लग्नाच्या मंडपामागं भाताचे ढीग फेकताना कोणाला आठवत नाही. तुकडे गोळा करायला कोणाला सांगितलं होतं? शिष्यांना. म्हणजे पुरुषांना. मार्था आणि मरियेची गोष्ट घ्या. मार्था स्वयंपाकात बुडालेली, मरिया पायाशी बसून ऐकतेय. येशू कोणाची बाजू घेतो? ऐकणारीची. तरी आमच्या महिला सभांमध्ये बायांना मार्था व्हायचेच धडे. अरे, ज्याच्यासाठी एवढा स्वयंपाक चाललाय त्यानंच सांगितलं होतं की इतकं करू नको!

आणि विसाव्याच्या दिवसाची आज्ञा. त्या दिवशी तू काम करू नको, तुझ्या मुलानं करू नये, मुलीनं करू नये, चाकरानं, दासीनं, गुराढोरांनी करू नये, पाहुण्यानं करू नये. गुरांपर्यंत यादी आहे, बायकोचं नाव नाही. पाळक म्हणतात, 'तू' या शब्दात ती धरलेली आहे. बरं, मान्य. मग रविवारी चर्चहून आल्यावर मटण कोण शिजवतं? भक्तीला उशीर नको म्हणून पहाटे उठून वाटण कोण वाटून ठेवतं? आठवड्यातलं सगळ्यात जड जेवण विसाव्याच्या दिवशी, आणि तो विसावा घरात एकीला सोडून सगळ्यांना. आपल्याकडं बैलालाही पोळा आहे. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, खांदेमळणी करतात, पुरणपोळी खाऊ घालतात. बाईला पोळा नाही. रविवारसुद्धा नाही. बैलाची पुरणपोळीसुद्धा तीच करते.

आता पैशाकडं येऊ, कारण खरी आग तिथं आहे.

नाताळ जवळ आला की आमच्याकडं करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, वर केक, नवे कपडे, घराला रंग. दिवाळीचं सगळं आहेच, त्यात केकची भर. लग्न निघालं की हजार माणसांचं जेवण. साखरपुड्याचं वेगळं, हळदीचं वेगळं. माणूस गेला तर त्याचंही जेवण. हिंदू मित्रांनी हसू नये. २०२३ च्या अधिक श्रावणात जावयाच्या धोंड्याच्या जेवणासाठी किती सासऱ्यांनी हात पसरले ते गल्लीगल्लीत बघितलंय. पैसा कुठून येतो? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि आडतीवर माल त्याच्याही खाली गेला. म्हणजे पैसा शेतातून येत नाही. तो गटाच्या कर्जातून येतो, फायनान्सवाल्याच्या आठवडी हप्त्यातून येतो. कर्ज कोणाच्या नावावर? बाईच्या. दारात वसुलीवाला आला की तोंड द्यायला कोण? बाई. जेवण वाढून मिरवायला मात्र पुरुष.

आपल्याच जिल्ह्यात २०१७ साली एका शेतकऱ्याच्या मुलीनं लग्नाचा खर्च बापाला झेपणार नाही म्हणून चिठ्ठी लिहून विहीर जवळ केली. चार दिवस सगळे हळहळले. पाचव्या दिवशी त्याच जिल्ह्यात पुन्हा हजार-हजाराच्या पंगती उठल्या. त्यात मीही बातम्या करत हिंडत होतो, म्हणून सांगतो. साध्या जेवणाची गोष्ट मी चवीसाठी करत नाहीये. इथं जेवणावळ माणसं खायलीय.

यावर मला काय ऐकवलं जाणार तेही माहीत आहे.

एक, 'गरिबाला साधेपणा शिकवू नका.' बरोबर. गरीब शिकवायच्या आधीपासूनच साधं खातो. मी त्याला सांगतच नाहीये. मी सांगतोय पगारदाराला, गुत्तेदाराला, मंडळीच्या पंचांना, ज्यांचं बघून गरीब कर्ज काढतो. पहिली पंगत मोठ्या घरानं लहान केली पाहिजे. लहान घर आपोआप सुटकेचा श्वास सोडेल.

दोन, 'बायांनाच स्वयंपाकाची हौस असते.' असते. माझ्या बायकोलाही आहे. हौस म्हणजे मन झालं तेव्हा करणं. ३६५ दिवस दोन वेळा नेमानं जे करावं लागतं त्याला हौस म्हणत नाहीत, नोकरी म्हणतात. फरक एवढाच की या नोकरीला पगार नाही, रजा नाही आणि रिटायरमेंट तर नाहीच.

तीन, 'रीत आहे, मोडता येत नाही.' हे शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या माणसानं तरी म्हणू नये. आपल्याच तालुक्यात उजेडला दर जानेवारीत गांधीबाबाची यात्रा भरते. देवाची नाही, पिराची नाही, महात्मा गांधींची यात्रा. गावातल्या माणसांनीच बसून ती सुरू केली आणि ती रीत झाली. आपल्या मातीत माणसं नवी रीत पाडू शकतात. पाडायची इच्छा पाहिजे.

आता मी काय मागतोय ते सरळ सांगतो.

१) आठवड्याचा बेत घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचा आणि भिंतीवर लावायचा. बेतापुढं करणाऱ्याचं नाव लिहायचं. आमच्या घरी असा कागद आहे. सोमवारी भाकरी-पिठलं, मंगळवारी उसळ, बुधवारी खिचडी आणि धपाटे, असं सगळं साधं. बुधवार आणि शनिवार माझ्याकडं. रविवारी जेवणानंतरची भांडी पोरांकडं. आभाळ कोसळलं नाही.

२) एका वेळी एक कोरडं, एक पातळ. बास. ज्याला दुसरी भाजी पाहिजे त्यानं उठून करावी.

३) वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं ही पद्धत बंद. सगळे एकदम बसायचं, भांडी मधे ठेवायची. ज्या घरात ताटावर प्रार्थना होते तिथं तर ती बाई बसल्याशिवाय सुरूच करायची नाही.

४) रविवारी जड स्वयंपाक नाही. चर्चनं महिन्यातून एकदा एकत्र जेवण करावं, भात आणि वरण. शिजवायला आणि वाढायला पुरुष.

५) लग्नाआधी पाळक जोडप्याला बसवून उपदेश करतात, त्यात नवरदेवाला एक प्रश्न विचारावा, 'भाकरी येते का?' येत नसेल तर तारीख पुढं ढकला. हसू नका, मी गंभीर आहे.

६) लग्नाचं आणि मयताचं जेवण किती पदार्थांचं, याचा ठराव मंडळीनं करावा आणि तो पंचांच्या घरापासून लागू व्हावा. मुष्टीफंडाची आठवण ठेवा. रयत शिक्षण संस्थेसाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा केलं आणि पोरं शिकवली. तिकडं मिझोरामच्या ख्रिस्ती बाया शंभर वर्षांहून जास्त काळ रोजच्या स्वयंपाकातला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतायत. मुठीमुठीनं शाळा उभ्या राहतात, आणि आपण पोत्यापोत्यानं भात उकिरड्यावर टाकायलोय.

त्या पीडीएफवाल्यांना माझा निरोप आहे. पुढच्या वेळी गृहिणीसाठी पाठवाल तेव्हा सोबत नवऱ्यासाठी दुसरा कागद पाठवा. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच ग्रुपवर. नवऱ्याचा कागद तयार नसेल तर मला सांगा, मी लिहून देतो. फुकट.

आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती, बाहेर काढायचं तर मला काढा. पण त्याआधी या रविवारी घरी गेल्यावर एवढं बघा की तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं आणि तिच्या ताटात काय होतं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, उत्तर देतो. आज बुधवार आहे, खिचडी लावायचीय, म्हणून उत्तराला आठनंतर येईन.